गणित कॉम्प्युटरचं, सही तुमची : पत्रिकेच्या जुन्या सॉफ्टवेअरकडून शिकण्यासारखं



गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. कोणी अकाउंट्स लिहिणारा असतो, कोणी डिझाइन करणारा, कोणी भाषांतराची कामं घेणारी ताई असते. प्रश्न असा : "सर, आमचं काम आता सॉफ्टवेअर करायला लागलं. मग आम्ही पैसे कशाचे घ्यायचे?"

उत्तर देण्यासाठी मी आज एक असा धंदा घेतोय, जो या प्रसंगातून चाळीस वर्षांपूर्वीच गेलाय. जन्मपत्रिका मांडून देण्याचा धंदा. पर्सनल कॉम्प्युटर आले आणि ज्या कामाला अर्धा दिवस जायचा, ते मिनिटावर आलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. ज्योतिषावर विश्वास ठेवा की ठेवू नका, हे सांगायला हा लेख नाही. त्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट पुढे येईलच. पण कुंडलीचं गणित हे मात्र खरंखुरं गणित आहे. अमुक वेळी अमुक गावातून पूर्वेला कुठली रास उगवत होती, चंद्र कुठे होता, याला एकच उत्तर असायला हवं. गंमत अशी की कॉम्प्युटर आल्यावर एकाच माणसाच्या दोन-तीन वेगवेगळ्या पत्रिका निघायला लागल्या. असं का झालं, हे नीट समजलं तर वरच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

आधी नेमकं काय विकलं जात होतं?

हाताने पत्रिका करायची म्हणजे समोर पंचांग, ग्रहांचे तक्ते, लग्नसारणी आणि कागद-पेन्सिल. जन्मवेळ घ्यायची, ती त्या गावाच्या स्थानिक वेळेत आणायची, त्यावरून नाक्षत्र काल काढायचा, मग लग्न. प्रत्येक ग्रहाची पंचांगातली स्थिती आदल्या-पुढल्या दिवसाच्या मधे बेरीज-वजाबाकी करून जन्मवेळेपर्यंत आणायची. चंद्राचं नक्षत्र, चरण, विंशोत्तरी दशेची शिल्लक, नवमांश. दशा-अंतर्दशांचे तक्ते हवे असतील तर आणखी बैठक.

गिऱ्हाईकाला वाटायचं, आपण या मेहनतीचे पैसे देतोय. करणाऱ्यालाही तसंच वाटायचं. पण या बैठकीत एक काम असं होतं, जे कोणी बिलात लिहिलं नाही. करणारा माणूस प्रत्येक पायरीवर थांबून काहीतरी ठरवत होता. ही वेळ कुठल्या घड्याळाची? गाव कुठलं, रेखांश किती? कुठलं पंचांग धरायचं? जुन्या कागदावर "सूर्योदयापासून १२ घटी ३० पळे" लिहिलंय, म्हणजे किती वाजले? (एक घटी २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयानंतर बरोबर पाच तास.)

कॉम्प्युटरने गणित उचललं. हे ठरवण्याचं काम त्याने उचललं नाही. ते सेटअपच्या पडद्यावर जाऊन बसलं आणि तिथे बहुतेकांनी एन्टर मारला.

मशीन आलं तेव्हा

१९७७ साली अमेरिकेत ॲपल टू, टीआरएस-८० आणि कमोडोर पेट ही घरी ठेवण्यासारखी कॉम्प्युटरं बाजारात आली. त्याच सुमारास मिशिगन राज्यात मायकेल अर्लवाइन या माणसाने मॅट्रिक्स नावाने ज्योतिषाचे प्रोग्रॅम करायला सुरुवात केली. १९८० मध्ये त्यांचं ज्योतिषांसाठी प्रोग्रॅमिंगचं पुस्तकच आलं. त्या काळी प्रोग्रॅम घ्यायचा म्हणजे बऱ्याचदा छापलेल्या बेसिकच्या ओळी स्वतः बसून टाइप करायच्या आणि कॅसेटवर साठवायच्या.

इथे पहिला धडा आहे. टाइप करताना कंस विसरलात तर मशीन ओरडतं. पण ग्रहाच्या गतीच्या आकड्यात ३ च्या जागी ८ पडला तर मशीन काहीच बोलत नाही. ते मुकाट्याने मंगळ भलत्याच राशीत नेऊन ठेवतं आणि पुढची ओळ छापतं. मशीनला चुकीची भाषा कळते, चुकीचं उत्तर कळत नाही. हे वाक्य लिहून ठेवा, पुढे लागेल.

१९८१ ला आयबीएम पीसी आला आणि आपल्याकडे ऐंशीच्या दशकात त्याच्या नकला असलेले पीसी दिसायला लागले. ज्यांनी डॉस वापरलंय त्यांना आठवेल. ३६० केबीची फ्लॉपी. हार्ड डिस्क नसेल तर ए ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅम, बी ड्राइव्हमध्ये गिऱ्हाइकांची माहिती. पडद्याचं कार्ड कुठलं? प्रिंटर कुठल्या जातीचा? गणिताची वेगळी चिप, म्हणजे ८०८७, बसवलेली आहे का? ती नसेल तर दशांशाचं सगळं गणित साध्या प्रोसेसरला करावं लागे आणि माणूस पडद्याकडे बघत बसे. महागड्या सॉफ्टवेअरबरोबर कधी चावीची फ्लॉपी यायची, कधी प्रिंटरच्या पोर्टला लावायचा डाँगल. डाँगल हरवला की सॉफ्टवेअर असून नसल्यासारखं.

देवनागरी ही वेगळीच डोकेदुखी. डॉसला मराठी येत नव्हतं. त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवावं लागे, नाहीतर प्रोग्रॅमनेच अक्षरांची चित्रं करून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला पाठवायची. प्रिंटर कर्रर्र करत एकेक ओळ काढायचा.

आता विचार करा. एवढी खटपट करून शेवटी "मेष" हा शब्द नीट छापून आला की माणसाला वाटणार, झालं! सॉफ्टवेअर बसलं! लक्ष सगळं छपाई होते का याकडे. छापलंय ते बरोबर आहे का, हा प्रश्न थकल्यावर कोण विचारतो?

पडद्यावरचे तीन साधे प्रश्न

सॉफ्टवेअर बसवताना, किंवा पहिली पत्रिका करताना, पडदा तीन गोष्टी विचारायचा. दिसायला अगदी किरकोळ.

पहिला प्रश्न : वेळेचा फरक किती? आपण म्हणणार, भारत, साडेपाच तास. बरोबर. पण टाइप काय करायचं? काही प्रोग्रॅमना ५:३० हवं असे, काहींना ५.५. दशांश मागणाऱ्या प्रोग्रॅमला तुम्ही ५.३० दिलंत तर तो समजणार पाच तास अठरा मिनिटं. बारा मिनिटांची चूक. लग्न साधारण चार मिनिटांना एक अंश सरकतं, म्हणजे तीन अंश गेले. नवमांश ३ अंश २० कलांचा असतो. म्हणजे एका टिंबापायी बहुतेक पत्रिकांचा लग्ननवमांश बदलला, आणि पडद्यावर कुठेही लाल अक्षर नाही.

पुढची अडचण टिंबाची नाही, इतिहासाची आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, पण मुंबईने ती लगेच मनावर घेतली नाही. 'मुंबई वेळ' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि शहरात काही ठिकाणी ती १९५५ पर्यंत चालली. त्यात दुसरं महायुद्ध. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाची घड्याळं एक तास पुढे होती.

१९८७ साली कॉम्प्युटरवर पत्रिका करून घ्यायला आलेला माणूस चाळीस-पंचेचाळीसचा असेल, तर त्याचा जन्म नेमका याच गोंधळातला. गिरगावात १९४० ला जन्मलेल्या माणसाची वेळ वहीत "सकाळी ७:१०" अशी लिहिलीय. कुठल्या घड्याळाने? ३९ मिनिटांत लग्न पावणेदहा अंश सरकतं. रास तीस अंशांची. म्हणजे अशा दर तीन पत्रिकांमागे साधारण एका पत्रिकेची लग्नरासच बदलते! लग्नरास बदलली की सगळी घरं बदलली. हाताने करणारा जाणता माणूस इथे थांबून विचारायचा, "जन्म घरी की इस्पितळात? वेळ कोणी लिहिली?" सॉफ्टवेअरने विचारलं, "तास? मिनिटं?"

दुसरा प्रश्न : रेखांश, पूर्व की पश्चिम? बाहेरून आलेले प्रोग्रॅम तिथल्या लोकांच्या सोयीने लिहिलेले. १९९१ मध्ये वॉल्टर पुलन यांनी ॲस्ट्रोलॉग नावाचा प्रोग्रॅम फुकट वाटायला सुरुवात केली. उत्तम काम. पण लिहिणारा अमेरिकेतला, म्हणून त्यात पश्चिमेचे रेखांश अधिक आणि पूर्वेचे उणे. वेळेच्या फरकाचंही तसंच. पुण्याचे ७३ अंश ५२ कला आणि साडेपाच तास, दोन्ही उणे करून द्यायचे. वेळेचं उणे चिन्ह राहिलं तर पत्रिका अकरा तास सरकते. शिवाय प्रोग्रॅम आपणहून सायन कुंडली काढणार. आपल्याकडची निरयन हवी तर वेगळं सांगावं लागे. प्रोग्रॅमचा काही दोष नाही. त्याने आपला रिवाज सांगितलेला होता, वाचायचं काम आपलं.

तिसरा प्रश्न : अयनांश कुठला? हा सगळ्यात मोठा. सायन आणि निरयन राशिचक्रातला फरक म्हणजे अयनांश. तो किती धरायचा यावर आपल्याकडे मतभेद आहेत आणि ते कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचे आहेत.

१९५२ साली सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. निर्मलचंद्र लाहिरी तिचे सचिव होते. समितीने चित्रा तारा धरून अयनांश ठरवला, २१ मार्च १९५६ ला २३ अंश १५ कला. यालाच आपण चित्रापक्ष किंवा लाहिरी म्हणतो. बंगळुरूचे बी. व्ही. रामन यांचा अयनांश याहून सुमारे १ अंश २७ कलांनी कमी. कृष्णमूर्ती पद्धतीचा फक्त सहाएक कलांनी कमी. आणि आपल्या महाराष्ट्रात टिळक पंचांग रेवतीपक्षाचं, तिथे फरक जवळजवळ चार अंशांचा. कोकणात ज्यांच्या घरी टिळक पंचांग आहे, त्यांना काही वर्षी अधिक महिना आणि सण शेजाऱ्यांपेक्षा वेगळे येतात, हे माहीतच आहे.

या फरकाने होतं काय? साधा हिशोब करू. एक नक्षत्र ८०० कलांचं. जन्मवेळी चंद्र शुक्राच्या नक्षत्रात असेल, तर शुक्राची दशा २० वर्षांची. म्हणजे चंद्राच्या एका कलेमागे सुमारे ९ दिवस. लाहिरी आणि रामन यांच्यातल्या ८७ कलांचे झाले जवळजवळ २ वर्षं २ महिने. एका कागदावर दशा २०२४ मध्ये संपते, दुसऱ्यावर २०२६ मध्ये. गणित दोघांचंही बिनचूक!

नक्षत्राचं बघा. लाहिरीऐवजी रामन धरलं तर शंभरातल्या अकराएक माणसांचं जन्मनक्षत्रच बदलतं. रेवतीपक्ष धरला तर तिसाएक जणांचं. आणि डॉसच्या पडद्यावर हा निर्णय म्हणजे १, २, ३ असे पर्याय. एक नंबर आधीच निवडलेला. एन्टर.

एक ग्रहण, चार चुका

मग सॉफ्टवेअर बरोबर बसलंय हे कळायचं कसं? "प्रिंट आली" ही परीक्षा नव्हे. परीक्षा एकच : ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, असा प्रश्न घालून बघायचा.

आपल्याकडे एक झकास प्रश्न तयार आहे. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण. त्या दिवशी कारवार-अंकोल्याच्या पट्ट्यातून खग्रास दिसलं होतं. सूर्यग्रहण म्हणजे रवि-चंद्र एकाच अंशावर आणि जवळ राहू किंवा केतू, यात कोणाचं दुमत नाही. कुठल्याही पत्रिकेच्या प्रोग्रॅममध्ये ही तारीख, दुपारी २ वाजून २० मिनिटं, ठिकाण पुणे, असं घाला.

चित्रापक्षाने उत्तर यायला हवं : रवि आणि चंद्र दोघेही कुंभेच्या साधारण सव्वातीन अंशांवर, आणि केतू कुंभेतच दोन-तीन अंश पुढे.

आता समजा काही वेगळं आलं, तर तेच चूक सांगतं :

- दोघे कुंभेतच पण २६-२७ अंशांवर? प्रोग्रॅम सायन चाललाय.
- पावणेपाच अंशांवर? रामन अयनांश लागलाय.
- सव्वासात अंशांच्या आसपास? रेवतीपक्ष लागलाय.
- चंद्र रवीच्या सहाएक अंश पुढे गेलाय? वेळेच्या फरकाचं चिन्ह उलटं पडलंय. अकरा तासांत चंद्र तेवढा पळतो.

पाच मिनिटांचं काम. पण एक मर्यादा लक्षात घ्या. मुंबई वेळेची चूक यात सापडणार नाही, कारण ती सॉफ्टवेअरमध्ये नसते, गिऱ्हाईकाच्या वहीत असते. त्यासाठी तोंड उघडून विचारावंच लागतं. म्हणजे सॉफ्टवेअर तपासायची एक रीत आणि माहिती तपासायची दुसरी. एकीने दुसरीचं काम होत नाही.

छापील कागदाचा रुबाब

हाताने लिहिलेल्या पत्रिकेत खाडाखोड असायची. बघणाऱ्याला कळायचं, हे माणसाने केलंय, चुकू शकतं. कॉम्प्युटरच्या कागदावर चंद्र "१७ अंश ४२ कला ०८ विकला". विकलेपर्यंत! जन्मवेळ आजीने अंदाजाने सांगितलेली, "गाई दारावर आल्या तेव्हा", आणि उत्तर विकलांत. जी अचूकता आत घातलीच नाही ती बाहेर कशी येईल? पण कागदावर छापलंय, वर "संगणकीकृत" लिहिलंय, म्हणजे खरंच असणार.

हा रुबाब निरुपद्रवी नाही. गुणमेलनाचा कागद घ्या. ३६ गुणांचा सगळा हिशोब दोघांच्या चंद्राच्या रास-नक्षत्रांवर. त्यात नाडीचे एकट्याचे ८ गुण. समजा एका मुलीचा चंद्र नक्षत्राच्या काठावर आहे. सेटिंग बदललं, नक्षत्र बदललं, नाडी बदलली आणि आकडा १८ च्या खाली गेला. मुलाकडच्यांनी कागद बघितला आणि निरोप पाठवला, "पत्रिका जुळत नाही." कोणी ठरवलं हे? ग्रहांनी? नाही. ज्याने सॉफ्टवेअर बसवताना एन्टर मारला, त्याने. आणि त्याला हे माहीतही नाही.

आता ती महत्त्वाची गोष्ट. गणित अगदी निर्दोष असलं म्हणून भाकीत खरं ठरतं का? याची चाचणी आपल्याच महाराष्ट्रात झालीय. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका घेतल्या आणि ज्योतिषांना विचारलं, कुठली कोणाची ते ओळखा. प्रत्येकाला ४० पत्रिका. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर उत्तरं ४६ टक्के. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. निकाल २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आला.

मी हे कोणाला टोमणा मारायला सांगत नाही. मुद्दा आपल्या सगळ्यांच्या धंद्याचा आहे. हिशोब बरोबर असणं आणि निष्कर्ष बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअर पहिलीची हमी देऊ शकतं. आणि त्या हमीचा रुबाब दुसरीवर आपोआप चढतो. गिऱ्हाईकाला हा फरक सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. माझ्या मते तिथूनच प्रामाणिक धंदा सुरू होतो.

गणित फुकट झालं, मग पुढे?

१९९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या ॲस्ट्रोडीन्स्टने 'स्विस एफेमेरिस' आणलं. अलोइस ट्राइंडल आणि डीटर कोख यांचं काम. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या ग्रहगणितावर आधारलेलं. त्यावर उभी असलेली जगन्नाथ होरासारखी सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात. ज्या गणितासाठी लोक डाँगल सांभाळत बसायचे, ते आता मोबाइलवर कोणीही, एक रुपया न देता करतो.

मधल्या काळात बऱ्याच जणांनी काय केलं? पानं विकली. दहा पानी पत्रिका इतके, चाळीस पानी इतके, रंगीत कव्हरचे वेगळे. हा रस्ता काही दिवस चालतो, कारण मशीन नवं असतं आणि ते फक्त तुमच्याकडे असतं. मशीन सगळ्यांकडे आलं की पानाची किंमत कागदाएवढी. तुम्ही फक्त बटण दाबत असाल, तर गिऱ्हाईकालाही बोट आहेच की!

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. "सर, गिऱ्हाईकाला अयनांश कळत नाही, त्याला फक्त स्वस्त आणि पटकन हवं असतं. आम्ही प्रश्न विचारत बसलो तर तो शेजारच्या दुकानात जाईल." जाईल, काही जण जातील. पण ज्या दिवशी त्याच्या हातात दोन दुकानांचे दोन वेगळे कागद येतील, त्या दिवशी तो विचारणारच, "यातलं खरं कुठलं?" शेजारचा म्हणेल, "कॉम्प्युटरनेच काढलंय." आणि तुम्ही सांगाल, "त्या कागदावर हा अयनांश धरलाय, माझ्यावर हा. तुमच्या घरी पंचांग कुठलं? जन्म मुंबईत १९४० चा ना? मग वेळ बदलून घेतली पाहिजे." गिऱ्हाईक कोणाकडे परत येईल, तुम्हीच सांगा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सॉफ्टवेअर आल्यावर विकण्यासारखं जे उरतं ते तीन गोष्टींत उरतं : आत काय घालायचं ते विचारणं, कुठल्या नियमाने करायचं ते ठरवणं, आणि बाहेर आलेल्या उत्तराखाली सही करणं. पहिल्यात मेहनत आहे, दुसऱ्यात जाण आहे, तिसऱ्यात जोखीम आहे. पैसे या तिन्हींचे मिळतात. टायपिंगचे मिळत नाहीत.

आता तुमच्या दुकानाकडे या

तुम्ही पत्रिका करत नसाल. पण तुमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाची किंमत आधी आलेला माल आधी या पद्धतीने लागते की सरासरीने? रुपयात पूर्णांक कुठे होतो, प्रत्येक ओळीला की शेवटी? एक्सेलमध्ये ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे? हे कोणी ठरवलं? तुम्ही ठरवलं नसेल, तर बसवून देणाऱ्या पोराने ठरवलं, किंवा परदेशातल्या कोणा प्रोग्रॅमरने. आणि आता एआयला विचारून कोटेशन बनवता, तिथेही आत गृहीत धरलेल्या गोष्टी आहेतच, फक्त पडदाही दिसत नाही.

या आठवड्यात चार कामं करा.

१. तुमच्या मुख्य सॉफ्टवेअरचा सेटिंगचा पडदा उघडा आणि प्रत्येक ओळ वाचा. जी कळत नाही तिथे खूण करा, विचारा.

२. तुमचं 'ग्रहण' शोधा. ज्याचं उत्तर पक्कं माहीत आहे असं एक जुनं बिल, एक पगारपत्रक, एक अंदाजपत्रक. ते सॉफ्टवेअरमध्ये घालून बघा. नवीन व्हर्जन आलं की पुन्हा तेच घाला.

३. माहिती देणाऱ्याला विचारायचे तीन प्रश्न लिहून काउंटरवर लावा. पत्रिकेत "कुठल्या घड्याळाने?" हा प्रश्न होता. तुमच्या धंद्यातला तसा प्रश्न कुठला?

४. तुम्ही जो कागद देता, त्याच्या तळाशी एक ओळ छापा : कुठल्या नियमाने केलंय. पत्रिकेवर "अयनांश चित्रापक्ष, जन्मवेळ मुंबई वेळेवरून बदलून घेतली" एवढी ओळ असती, तर किती घरांतले वाद सुरूच झाले नसते!

त्या ओळीखाली तुमचं नाव घाला. कॉम्प्युटरचं नको.

तुमच्या धंद्यातलं ते एक सेटिंग कुठलं, जे बदललं तर सगळा हिशोब बदलतो? खाली कमेंटमध्ये लिहा. निवडक उत्तरं पुढच्या व्हिडिओत घेऊ.

भेटू.